समजून घ्या : गेमिंग कन्सोलचा डबा टिकेल, पण विकत घेतलेला गेम तुमचा राहील का?

नवा गेमिंग कन्सोल बाजारात आला की दोन-तीन वर्षे थांबायचे, किंमत उतरली की घ्यायचा, हा मध्यमवर्गीय घरांतला ठरलेला हिशेब होता. तो आता उलटा झाला आहे. सोनीचा प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला, तेव्हा डिस्क ड्राइव्ह असलेल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ५४,९९० रुपये झाली. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सीरिज एक्स २०२० मध्ये ४९९ डॉलरला मिळत होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच यंत्रासाठी ६४९.९९ डॉलर मोजावे लागू लागले. यंत्र जुने होत आहे आणि महागही होत आहे.

दुसरीकडे, टीव्हीला जोडायचा कन्सोल आणि बॅगेत टाकून न्यायचा कन्सोल यांतली सीमा पुसट झाली आहे. डिस्कऐवजी डाउनलोड आणि डाउनलोडऐवजी थेट इंटरनेटवरून स्ट्रीमिंग असा प्रवास सुरू आहे. मग येत्या काही वर्षांत कन्सोल राहील का? राहिला तर कसा असेल? आणि मोजलेल्या पैशांच्या बदल्यात आपल्या हातात नक्की काय येईल? सविस्तर जाणून घेऊ या.

घरचा आणि हातातला, असे दोन प्रकार मुळात का होते?

याचे सोपे उत्तर म्हणजे वीज. टीव्हीखाली ठेवलेल्या यंत्राला भिंतीतल्या सॉकेटमधून हवी तेवढी वीज मिळते. हातातल्या यंत्राला बॅटरीत मावेल तेवढ्यावर भागवावे लागते.

निन्टेन्डोने १९८९ मध्ये गेम बॉय आणला. त्याचा पडदा रंगीत नव्हता, त्याला स्वतःचा प्रकाशही नव्हता. पण चार पेन्सिल सेलवर तो दहा-पंधरा तास चालायचा. त्याच्या स्पर्धेतला सेगा कंपनीचा गेम गिअर रंगीत, उजळ पडद्याचा होता. मात्र त्याचे सहा सेल काही तासांतच संपायचे. बाजारात जिंकला तो गेम बॉय. त्याची रंगीत आवृत्ती धरून जवळपास १२ कोटी यंत्रे विकली गेली. गेम बॉयमागचे अभियंते गुनपेई योकोई यांचे तत्त्वच होते, की मुरलेले आणि स्वस्त झालेले तंत्रज्ञान घ्यायचे आणि ते नव्या पद्धतीने वापरायचे.

पुढे निन्टेन्डो डीएस आणि सोनीचा पीएसपी आला. नंतर स्मार्टफोन घरोघरी पोहोचले आणि सोनीचा पुढचा यत्न, म्हणजे पीएस वीटा, बाजारात टिकला नाही. हातातल्या कन्सोलचे दिवस संपले, असे तेव्हा अनेकांनी गृहीत धरले होते.

मग ही सीमा पुसली कोणी?

निन्टेन्डोनेच, आणि तीही अपयशातून. २०१२ मध्ये आलेला त्यांचा घरगुती कन्सोल वी यू जेमतेम १ कोटी ३५ लाखांच्या आसपास विकला गेला. दोन वेगळ्या यंत्रांसाठी दोन वेगळ्या तुकड्यांनी वेगवेगळे गेम बनवणे कंपनीला परवडेना. २०१३ मध्ये कंपनीने हातातल्या आणि घरच्या कन्सोलवर काम करणारे विभाग एकत्र केले. त्यातून मार्च २०१७ मध्ये स्विच आला. टीव्हीजवळच्या डॉकमध्ये ठेवला की घरचा कन्सोल, उचलून घेतला की हातातला. गेम एकच, तो एकदाच बनवायचा आणि एकदाच विकायचा. आतापर्यंत १५ कोटींहून अधिक स्विच विकले गेले आहेत. जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ पहिल्या चार दिवसांतच ३५ लाखांवर गेला.

बाकीच्यांनी मग हीच वाट धरली. व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. तो खरे तर हातात मावणारा संगणकच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आसुस आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय आणला. तोही विंडोजवर चालतो. सोनीचा प्लेस्टेशन पोर्टल मात्र वेगळा आहे. तो स्वतः गेम चालवत नाही, तर प्रामुख्याने घरातल्या प्लेस्टेशन ५ चे चित्र वायफायवरून हातात आणून देतो.

हातातला कन्सोल घरच्याची जागा पूर्णपणे घेईल का?

इथे थोडे गणित करू. मोठा गेम चालू असताना प्लेस्टेशन ५ साधारण २०० वॉट वीज घेतो. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची होती. म्हणजे प्लेस्टेशन ५ ला त्या बॅटरीवर चालवायचे ठरवले, तर ती बारा मिनिटांत संपेल. शिवाय २०० वॉटची उष्णता हातात धरता येणार नाही, ती वेगळीच. म्हणून स्टीम डेकची मुख्य चिप जास्तीत जास्त १५ वॉटवर चालते.

चिप दर काही वर्षांनी सुधारते, बॅटरी मात्र तेवढ्या वेगाने सुधारत नाही. त्यामुळे ताकदीतला फरक राहणारच. पण तो डोळ्यांना कमी जाणवेल, याची सोय झाली आहे. फुल एचडी चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात, तर फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख. सगळे ठिपके मोजून काढण्याऐवजी कमी ठिपक्यांचे चित्र तयार करायचे आणि उरलेले कृत्रिम बुद्धिमत्तेने भरायचे, हे तंत्र आता सर्रास वापरले जाते. स्विच २ मध्ये एनव्हिडियाचे डीएलएसएस आहे, प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये सोनीचे पीएसएसआर. सोनी आणि चिप बनवणारी एएमडी कंपनी भविष्यातल्या कन्सोलसाठी याच दिशेने एकत्र काम करत आहेत.

थोडक्यात, दोन्ही प्रकारची यंत्रे राहतील. पण ती एकमेकांची स्पर्धक न राहता, एकाच खात्यावरचा गेम उघडण्याच्या दोन खिडक्या होतील. यातला ‘खाते’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येऊच.

यंत्र जुने होऊनही महाग का होत आहे?

प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळू लागला. जगभरात त्याची सुमारे १६ कोटी यंत्रे विकली गेली, त्यात या उतरत्या किमतीचा मोठा वाटा होता. तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी तीच चिप आकाराने लहान करता येत असे. सिलिकॉनच्या एका चकतीतून अधिक चिप निघत आणि प्रत्येक चिप स्वस्त पडे.

आता नव्या, बारीक प्रक्रियेचा कारखानाच इतका महाग झाला आहे की चिप लहान करूनही फारसे पैसे वाचत नाहीत. प्लेस्टेशन ५ ची चिप ७ नॅनोमीटरवरून ६ नॅनोमीटरवर गेली, पण ग्राहकाला किंमत उतरलेली दिसली नाही.

त्यात २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपच्या किमती भडकल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते, आणि ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. त्यांपैकी मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स या दोन्हींत १६ जीबी मेमरी असते. म्हणजे घरातला कन्सोल आणि एआयचा डेटा सेंटर एकाच रांगेत उभे आहेत, आणि डेटा सेंटरचा खिसा मोठा आहे. अमेरिकेत आयात शुल्काचा भार पडला तो वेगळा.

कन्सोलच नको, नुसते इंटरनेट पुरेल का?

ही कल्पना गुगलने करून पाहिली आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली स्टेडिया ही सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली. ग्राहकांना गेमचे पैसे परत मिळाले, हे त्यांचे नशीब.

क्लाउड गेमिंगमध्ये गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्याकडे फक्त त्याचा व्हिडिओ येतो. साध्या व्हिडिओपेक्षा हे अवघड आहे. सिनेमा पाहताना पुढची काही सेकंदे आधीच साठवून ठेवता येतात. गेममध्ये ते शक्य नाही, कारण तुम्ही पुढचे बटण कोणते दाबणार, हे सर्व्हरला माहीत नसते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यातच १० मिलिसेकंद जातात. वाटेतले राउटर, घरातले वायफाय आणि टीव्ही यांचा वेळ त्यात मिळवायचा आहे.

डेटाचाही हिशेब पाहा. सेकंदाला ६० चित्रांच्या फुल एचडी स्ट्रीमिंगसाठी साधारण २५ एमबीपीएस वेग धरला, तर तासाला ११ जीबीहून अधिक डेटा जातो. रोज २ जीबीचा मोबाइल प्लॅन असेल, तर तो जेमतेम पावणेअकरा मिनिटे पुरेल. मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरू झाली आहे. घरी चांगले फायबर कनेक्शन असेल, तर ती उपयोगी आहे. पण गावाकडे, मोबाइल डेटावर, यंत्राला पर्याय म्हणून ती अजून उभी राहू शकत नाही.

एक्सबॉक्सचे नक्की काय चालले आहे?

नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक जाहिरात मोहीम सुरू केली. टीव्ही, लॅपटॉप, फोन, हातातले यंत्र, हे सगळे ‘एक्सबॉक्स’ आहे, असे त्यात सांगितले होते. फोर्झा होरायझन ५ हा एकेकाळी एक्सबॉक्सची शान असलेला गेम एप्रिल २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आला. २००१ मध्ये पहिल्या एक्सबॉक्सबरोबर जन्मलेल्या हेलोची नवी आवृत्तीही प्लेस्टेशनवर आणण्याची घोषणा झाली. म्हणजे एक्सबॉक्स हे एका डब्याचे नाव न राहता खात्याचे आणि वर्गणीचे नाव होत आहे. त्या वर्गणीचे काय होते, तेही दिसले. गेम पास अल्टिमेटचा अमेरिकेतला मासिक दर ऑक्टोबर २०२५ मध्ये १९.९९ डॉलरवरून एकदम २९.९९ डॉलर झाला. डब्याची किंमत एकदाच द्यावी लागते. वर्गणीची दर महिन्याला, आणि ती किती असेल हे आपल्या हातात नसते.

विकत घेतलेला गेम नक्की कोणाचा?

कन्सोलच्या भविष्यातला कळीचा मुद्दा हाच आहे. दुकानातून आणलेली डिस्क तुमची वस्तू असते. मित्राला देता येते, विकता येते, दहा वर्षांनी कपाटातून काढून लावता येते. ऑनलाइन स्टोअरमधून ‘खरेदी’ केलेला गेम ही वस्तू नसते, तो वापरण्याचा परवाना असतो. ‘बाय’ असे लिहिलेले बटण दाबताना आपण जो करार न वाचता मान्य करतो, त्यात हे लिहिलेले असते.

हा वाद नवा नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी दिवसातून एकदा इंटरनेट जोडणीची सक्ती आणि जुने गेम देण्या-घेण्यावर बंधने जाहीर केली. सोनीने तेव्हा अवघ्या काही सेकंदांचा व्हिडिओ काढला. त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, बस्स. प्लेस्टेशन ४ वर गेम असा शेअर करतात. ग्राहक इतके चिडले की मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. मात्र त्याच सोनीचा प्लेस्टेशन ५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, तो डिस्क ड्राइव्हशिवाय. ड्राइव्ह वेगळा विकत घेऊन जोडावा लागतो, आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते. जे सक्तीने झाले नाही, ते सवयीने झाले.

स्विच २ मध्ये ‘गेम-की कार्ड’ नावाचा नवा प्रकार आला आहे. दिसायला ते नेहमीचे कार्ड. पण त्यात पूर्ण गेम नसतो, फक्त किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. हे कार्ड दुसऱ्याला विकता येते, एवढी जमेची बाजू. पण उद्या तो सर्व्हर बंद झाला, तर नव्या यंत्रावर ती किल्ली लावायला कुलूपच उरणार नाही.

सर्व्हर बंद होतात का? होतात. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू यांचे ऑनलाइन स्टोअर मार्च २०२३ मध्ये बंद केले. एक्सबॉक्स ३६० चे स्टोअर जुलै २०२४ मध्ये बंद झाले. दोन्हीकडे आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय ठेवली गेली, पण नवी खरेदी थांबली. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि नंतर कंपनीने खेळाडूंच्या खात्यांतून परवानेही काढून घेतले. तो गेम सतत इंटरनेटवर अवलंबून असल्यामुळे डिस्क असणाऱ्यांच्या हातीही काही उरले नाही.

यावर कुठे काही होत आहे का?

‘द क्रू’च्या प्रकरणातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. विक्री थांबवा, पण विकलेला गेम चालू स्थितीत सोडून जा, एवढीच तिची मागणी आहे. युरोपीय संघाकडे केलेल्या त्यांच्या नागरिक याचिकेवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू केला. डिजिटल वस्तू विकताना तो केवळ परवाना आहे, हे दुकानदाराने स्पष्ट सांगितलेच पाहिजे. हा कायदा मालकी देत नाही. निदान फसवणारा शब्द वापरू देत नाही.

प्रश्न फक्त पैशांचाही नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, तिथे २०१० पूर्वी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. डिस्क आणि कार्ट्रिज कुणाच्या तरी कपाटात राहिले, म्हणून त्यांतले बरेच आजही चालवून पाहता येतात.

डिजिटलचा काहीच फायदा नाही का?

आहे, आणि त्याचे उदाहरण पुण्यातच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला आणि मग इतर यंत्रांवर. छोट्या स्टुडिओला देशोदेशीच्या दुकानांत डिस्क पोहोचवणे परवडले नसते. ऑनलाइन स्टोअरमुळे पुण्यात बनलेला गेम जगभर एकाच दिवशी मिळू शकतो. गेमच्या सुधारित आवृत्त्या घरबसल्या मिळतात, जुन्या गेमवर मोठी सवलत मिळते. म्हणून डाउनलोड वाईट आणि डिस्क चांगली, इतके हे सोपे नाही. मुद्दा आहे तो पर्याय शिल्लक राहण्याचा.

आपल्याकडे याचा अर्थ काय?

भारतात नवा मोठा गेम पाच हजार रुपयांच्या आसपास जातो. तो परवडतो, त्याचे एक कारण जुन्या डिस्कचा बाजार आहे. समजा, पाच हजारांची डिस्क महिनाभर खेळून साडेतीन हजारांना विकली, तर गेम दीड हजारात पडला. विकत घेणाऱ्याचेही दीड हजार वाचले. डिस्क ड्राइव्ह नसलेला कन्सोल घेताना सुरुवातीला जे पैसे वाचतात, ते अशा तीन-चार गेममध्येच फिटतात. पुढे मात्र नुकसान सुरू होते.

डाउनलोडचेही पाहा. मोठे गेम १०० जीबीच्या पुढे जातात. ५० एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवर १०० जीबी उतरवायला सुमारे साडेचार तास लागतात. रोज २ जीबी मोबाइल डेटावर? पन्नास दिवस.

शिवाय सगळी यंत्रे आपल्याकडे येतातच असे नाही. प्लेस्टेशन ५ प्रो भारतात आला नाही, कारण त्यातले वायफाय ७ ज्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालते, तो पट्टा तेव्हा इथे खुला नव्हता. निन्टेन्डोची यंत्रे मुंबईच्या हिरा पन्नापासून ऑनलाइन दुकानांपर्यंत दिसतात, पण ती आयात करून आणलेली असतात. कंपनीची अधिकृत विक्री आणि वॉरंटी इथे नाही.

आता घ्यायचाच असेल, तर काय पाहावे?

- किंमत उतरेल म्हणून वर्षानुवर्षे थांबण्यात आता अर्थ नाही. सणासुदीची सवलत ही खरी संधी.
- डिस्क ड्राइव्ह असलेले मॉडेल मिळत असेल, तर तेच घ्या. विशेषतः गेम बदलून खेळण्याची सवय असेल, तर.
- जुने गेम नव्या यंत्रावर चालतात का, ते विचारा. ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ च्या बहुतेक डिस्क चालतात. स्विच २ वर स्विचची बहुतेक कार्डे चालतात.
- स्विच २ चे कार्ड घेताना खोक्यावर ‘गेम-की कार्ड’ अशी सूचना आहे का, ते पाहा.
- एकट्याने खेळायचा गेमही इंटरनेटशिवाय सुरू होतो का, हे खरेदीआधी तपासा. होत नसेल, तर तो गेम ठराविक मुदतीचा आहे असे समजूनच पैसे द्या.
- आयात केलेल्या यंत्रासाठी दुकानदाराची वॉरंटी लेखी घ्या, बिल जपून ठेवा.
- खात्याचा पासवर्ड आणि टू-स्टेप सुरक्षा नीट ठेवा. तुमचे सगळे गेम आता डब्यात नाहीत, त्या खात्यात आहेत.

पुढचा प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स जाहीर होईल, तेव्हा चर्चा चित्राच्या दर्जाची आणि वेगाची होईल. तो वेग वाढलेला असेल, यात शंका नाही. ग्राहक म्हणून आपण विचारायचा प्रश्न त्याहून साधा आहे: खेळून झालेला गेम धाकट्या भावाला किंवा शेजारच्या मित्राला देता येईल का? आणि कंपनीने दहा वर्षांनी लक्ष काढून घेतले, तरी तो चालू होईल का? या दोन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील, तरच आपण गेम विकत घेतला असे म्हणता येईल. नाहीतर तो भाड्याने घेतला आहे, फक्त भाडे एकदम भरले आहे.